सुवर्णकमळावर नटाचेही नाव हवे

मराठी चित्रपटाने देशातला सर्वोच्च चित्रपट पुरस्कार आजवर पाच वेळा मिळवला. १९५३ चा 'श्यामची आई', २००३ चा 'श्वास', २०११ चा 'देऊळ', २०१४ चा 'कोर्ट' आणि २०१६ चा 'कासव' हे ते पाच चित्रपट. 'श्यामची आई'ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले तेव्हा अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार अस्तित्वातच नव्हता. तो १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि उत्तम कुमार व नर्गिस त्याचे पहिले मानकरी ठरले. त्यामुळे वनमालाबाईंनी उभी केलेली आई अभिनय पुरस्काराच्या वादाबाहेर राहते. उरलेल्या चारांपैकी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तो एकट्या 'देऊळ'च्या गिरीश कुलकर्णी यांना. 'श्वास'मधल्या छोट्या अश्विन चितळेला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला, तोही यथायोग्यच होता. पण त्याच्या आजोबांची भूमिका करणारे अरुण नलावडे, 'कोर्ट'चे वीरा साथीदार आणि 'कासव'च्या इरावती हर्षे या तिघांची नावे त्या त्या वर्षीच्या अभिनय पुरस्कारांत नाहीत. चित्रपट देशात पहिला ठरला, मग त्याला तोलून धरणारा नट कुठे गेला, हा रसिकांचा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. मात्र त्यावरचा वाद बहुतेक वेळा दोन नटांच्या तुलनेत अडकतो. दोष त्या तुलनेत नाही, पुरस्काराच्या रचनेतच आहे.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ दोघांना मिळते: निर्मात्याला आणि दिग्दर्शकाला. नटाचा त्यात वाटा नाही. आता ही नियमावली आपल्या तीन चित्रपटांना लावून पाहावी. 'श्वास'चे सुवर्णकमळ अरुण नलावडे यांच्या नावावर आहे, पण निर्माते म्हणून. 'कोर्ट'मध्ये बचावाच्या वकिलाची भूमिका विवेक गोम्बर यांनी केली. सुवर्णकमळ त्यांच्याही नावावर आहे, कारण चित्रपटात पैसा त्यांनी घातला होता. 'कासव'मध्ये डॉ. मोहन आगाशे यांची महत्त्वाची भूमिका आहे आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्यासह तेही त्या चित्रपटाचे निर्माते आहेत. या तिघांच्या धाडसाला कमी लेखण्याचे कारण नाही. असे चित्रपट काढायला कोणी पुढे येत नाही, तेव्हा नटालाच खिशात हात घालावा लागतो. पण निष्कर्ष टाळता येत नाही. नटाने भांडवल घातले तरच त्याचे नाव देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाशी सरकारदफ्तरी जोडले जाते; नुसता जीव ओतला तर जोडले जात नाही. साथीदार आणि हर्षे यांनी जीव ओतला होता.

'कोर्ट'चे उदाहरण यात सर्वांत बोलके. व्हेनिसच्या महोत्सवात 'ओरिझोंती' विभागात सर्वोत्कृष्ट ठरलेला, नंतर भारताकडून ऑस्करला गेलेला चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट नारायण कांबळे या लोकशाहिराच्या खटल्याचा आहे. गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराला शाहिराच्या गाण्याने आत्महत्येला प्रवृत्त केले, असा आरोप त्याच्यावर आहे. वीरा साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक. व्यवसायाने ते नट नव्हते. कॅमेरा त्यांच्यापासून लांब, बहुतेक वेळा स्थिर. वस्तीतल्या मंचावर ते गातात तेव्हा आवाज खणखणीत आहे. कोर्टात मात्र वकील आणि न्यायाधीश त्यांच्याबद्दल बोलतात आणि ते ऐकत राहतात. कुठे डोळ्यांत पाणी नाही, कुठे मोठे भाषण नाही. तरीही जामिनावर सुटल्यावर हा माणूस पुन्हा मंचावर चढणार, याविषयी प्रेक्षकाला क्षणभरही शंका वाटत नाही. तो चढतो आणि पुन्हा पकडला जातो. सगळ्या चित्रपटाची सत्यता या खात्रीवर उभी आहे आणि ती खात्री साथीदारांनी दिली आहे. 'श्वास'मध्ये नलावडे यांनी हेच केले. नातवाचा जीव वाचवायचा तर त्याचे डोळे जाणार, हे कळलेला कोकणातला म्हातारा ते दुःख छातीशी धरून शहरात वावरतो. परीक्षकांच्या नजरेत सहज भरते ती दिसणारी मेहनत, म्हणजे पालटलेला देह, मोडलेली भाषा, टोकाची अवस्था. ज्या अभिनयात मेहनतीची खूणही उरत नाही, त्याची पारख करायला वेगळी नजर लागते.

यावर पहिला आक्षेप असा की, अभिनयाचा स्वतंत्र पुरस्कार आहे, त्यात जो उजवा ठरेल त्याला तो मिळेल. हे खरे आहे आणि सर्वोत्कृष्ट ठरलेल्या चित्रपटांतल्या नटांना तो मिळालेलाही आहे: 'देऊळ'च्या गिरीश कुलकर्णी यांना, त्याच्या पुढच्या वर्षी 'पानसिंग तोमर'च्या इरफान खान यांना, अलीकडे 'ट्वेल्थ फेल'च्या विक्रांत मॅसी यांना. म्हणजे एकाच चित्रपटाला दोन्ही मान देऊ नयेत असा नियम नाही. 'कोर्ट'च्या वर्षी 'नानु अवनल्ला अवळु' या कन्नड चित्रपटातल्या तृतीयपंथी व्यक्तिरेखेसाठी संचारी विजय यांची निवड झाली. ती चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात कोविडने गेले आणि दोनच महिन्यांनी संचारी विजय अपघातात गेले. या दोघांना एकमेकांसमोर उभे करण्यात कोणाचाच सन्मान नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. देशभरातल्या भूमिकांतून एक निवडणे ही एक गोष्ट आणि सर्वोत्कृष्ट ठरलेला चित्रपट कोणाकोणाचा आहे हे नोंदवणे ही दुसरी. पहिली स्पर्धा आहे, तिच्यात हार-जीत असणारच. दुसरी निव्वळ श्रेयाची नोंद आहे आणि ती आज अपुरी आहे.

चित्रपट हे दिग्दर्शकाचे माध्यम आहे, हा दुसरा आक्षेप. ताम्हाणे किंवा 'श्वास'चे दिग्दर्शक संदीप सावंत यांच्या दृष्टीवाचून हे अभिनय घडले नसते, हे मान्यच करायला हवे. पण दिग्दर्शकाच्या शेजारी निर्मात्याचे नाव घालताना आपण हा सिद्धांत आधीच सोडलेला असतो. पैशाने चित्रपट शक्य होतो म्हणून निर्मात्याचा मान, तर चेहऱ्याने, देहाने आणि आवाजाने तो शक्य करणाऱ्याचा का नको? तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग छायालेखक, संकलक, ध्वनिलेखक यांनी काय करावे? तत्त्वतः त्यांचाही हक्क आहे आणि उद्या त्यांची नावे जोडली गेली तर आम्ही स्वागतच करू. तरी सुरुवात नटापासून व्हावी, याला कारण आहे. कुशल तंत्रज्ञाला सहसा पुढचा चित्रपट मिळतो. आयुष्यातून उचलून पडद्यावर आणलेल्या साथीदारांसारख्या माणसाला अशी भूमिका बहुधा एकदाच मिळते. 'स्वतःसारखाच माणूस साकारला, त्यात अभिनय कसला', असेही काहीजण म्हणतात. कॅमेऱ्यासमोर, पुन्हा पुन्हा, ठरल्या जागी स्वतःसारखे राहून दाखवण्याचा प्रयत्न ज्याने केला असेल, त्याला याचे उत्तर सांगावे लागणार नाही.

जगात यावर उपाय निघालेले आहेत. कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालेल्या चित्रपटाला सहसा दुसरा पुरस्कार देता येत नाही. २०१३ मध्ये 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर'ची निवड झाली तेव्हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या परीक्षक मंडळाने ते पारितोषिक दिग्दर्शकाबरोबर दोन्ही अभिनेत्रींच्या नावेही जाहीर केले. त्याआधी २००६ मध्ये तिथेच 'वोल्वेर'च्या साऱ्या अभिनेत्रींना मिळून एक पुरस्कार दिला गेला. ज्या चित्रपटात चार-पाच माणसे सारखा भार उचलतात, त्यासाठी ही वाट उत्तम. 'कोर्ट'मध्ये साथीदारांइतक्याच तोलाच्या गीतांजली कुलकर्णी आणि प्रदीप जोशी होते.

दूर जायचीही गरज नाही. दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकाला लागून कोपर्निकस मार्ग आहे. त्याच चौकाजवळच्या रवींद्र भवनात संगीत नाटक अकादमी आहे, १९५३ साली, म्हणजे चित्रपट पुरस्कारांच्या आदल्याच वर्षी स्थापन झालेली. अकादमी नाटकातल्या नटाला अभिनयासाठी गौरवते, तेव्हा प्रयोगाचा खर्च कोणी केला हे विचारत नाही. सुरुवातीच्या काळात तिने चित्रपटातल्या नटालाही असेच गौरवले; १९५९ चे अशोक कुमार यांचे नाव तिच्या यादीत आहे. म्हणजे कलावंत आणि भांडवलदार यांच्यातला फरक दिल्लीला ठाऊक आहे, फक्त चित्रपटाच्या नियमावलीत तो उतरलेला नाही.

यासाठी तिजोरीवर भार पडणार नाही. 'कोर्ट'च्या वेळी निर्माता आणि दिग्दर्शक यांना प्रत्येकी अडीच लाख रुपये मिळत आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्याला पन्नास हजार. आता ही रक्कम तीन लाख आणि दोन लाख झाली आहे. ही सुधारणा करणाऱ्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने आणखी एक पाऊल टाकावे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मानपत्रात प्रमुख कलावंतांची नावे लिहावीत, ती व्यासपीठावरून वाचावीत आणि त्यांना प्रमाणपत्र द्यावे.

महाराष्ट्र शासनाला तर नियम बदलण्याचीही वाट पाहावी लागणार नाही. कोपर्निकस मार्गावरच जुने महाराष्ट्र सदन आहे, कमानी सभागृह आहे आणि दूरदर्शन भवनही आहे. याच दूरदर्शनने एकेकाळी रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट घराघरांत पोचवले होते. येत्या महाराष्ट्र दिनी या रस्त्यावर आपले पाचही चित्रपट दाखवावेत, दूरदर्शनने ते प्रक्षेपित करावेत आणि वनमाला, नलावडे, साथीदार, हर्षे यांच्या नावाची मानपत्रे राज्याने द्यावीत. साथीदारांचे मानपत्र नागपूरला त्यांच्या घरी पोचवावे लागेल. ते राज्याच्या सांस्कृतिक कार्यमंत्र्यांनी स्वतः न्यावे.