स्वमग्नतेच्या मुळाशी निअँडरथल?

स्वमग्नता हा निअँडरथल मानवाकडून आलेला वारसा असावा, ही कल्पना त्या मानवाचा जनुकसंच वाचला जाण्याच्या आधीपासूनची आहे. स्वीडनमधील लेइफ एकब्लाड यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती विस्ताराने मांडली. मांडणीची रीत सोपी होती. एका बाजूला स्वमग्न व्यक्तींचे गुणविशेष: नजरेला नजर न देणे, गर्दी-गोंगाटाचा त्रास, एकाच विषयाचा ध्यास, बारीकसारीक तपशील टिपणारी दृष्टी. दुसऱ्या बाजूला निअँडरथलाचे रूढ चित्र: थंड मुलूख, छोट्या टोळ्या, परक्यांशी बेताचाच व्यवहार. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की जुळल्यासारख्या दिसत. पुढे २०१३ मध्ये पीअर्स, स्ट्रिंगर आणि डनबार यांनी निअँडरथलाच्या मोठ्या नेत्रखोबणींवरून तर्क केला, की त्याच्या मेंदूचा जास्त भाग पाहण्याच्या कामी खर्च होत असावा आणि मोठा गोतावळा सांभाळण्यासाठी कमी भाग उरत असावा. त्यांचा विषय स्वमग्नता नव्हता. पण ज्यांना जोडायचे होते त्यांच्या हाती आयता धागा आला.

अशा जुळणीत एक मेख असते. दोन्ही याद्या जुळवणाऱ्यानेच केलेल्या असतात. निअँडरथलाचे वागणे कुणी पाहिलेले नाही, आणि जी हाडे काही सांगतात ती एकलकोंडेपणाच्या बाजूने बोलत नाहीत. इराकमधील शानिदार गुहेत राल्फ सोलेकी यांना १९५७ मध्ये एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याचा उजवा हात निकामी झालेला होता, चेहऱ्याच्या डाव्या बाजूला जुना मार होता, एक डोळा बहुधा गेलेला होता आणि कानाची नळी हाड वाढून बुजत आली होती. या दुखापती भरून आल्यावरही तो बरीच वर्षे जगला. स्पेनमधील कोवा नेग्रा येथील एका निअँडरथल मुलाच्या कानाच्या हाडातली विकृती डाउन सिंड्रोमशी जुळते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मूल किमान सहा वर्षांचे झाले होते. टोळीने सांभाळल्याशिवाय हे दोघे इतके जगते ना.

कल्पनेला खरी कसोटी मिळाली ती २०१० मध्ये. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत स्वांते पेबो यांच्या गटाने क्रोएशियातील विंदिया गुहेतल्या हाडांपासून निअँडरथलाच्या जनुकसंचाचा पहिला मसुदा तयार केला. पेबो यांना २०२२ चे नोबेल मिळाले ते याच क्षेत्रातील कामासाठी. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत निअँडरथल अंश एक ते दोन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि दोन्ही मानवांचा संकर सुमारे पन्नास ते पंचेचाळीस हजार वर्षांपूर्वी झाला, असे आजचे गणित सांगते.

त्याच २०१० च्या निबंधातील एक भाग या चर्चेत सहसा कुणी काढत नाही. निअँडरथलापासून वेगळे झाल्यानंतर आधुनिक मानवात ज्या ठिकाणी निवडीचा जोर दिसतो, अशा जागांची यादी तिथे आहे. तिच्यात एयूटीएस२ आणि सीएडीपीएस२ ही स्वमग्नतेशी जोडली गेलेली जनुके आहेत. म्हणजे बिघडल्यास स्वमग्नतेकडे नेणाऱ्या जनुकांपैकी काही जागा खास आपल्या शाखेत बदललेल्या आहेत. सोळाव्या गुणसूत्राचे उदाहरण याहून ठळक आहे. १६पी११.२ हा तुकडा गळणे किंवा दुप्पट होणे, हे स्वमग्नतेच्या ज्ञात जनुकीय कारणांपैकी वारंवार आढळणारे कारण. हा तुकडा गळतो का, तर त्याच्या दोन्ही कडांना बीओएलए२ या जनुकाच्या एकसारख्या प्रती आहेत आणि पेशीविभाजनात त्यांची चुकीची जोडी जुळते. इव्हान आइकलर यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले, की या वाढीव प्रती फक्त आधुनिक मानवात आहेत. निअँडरथलात त्या नाहीत. ही ठेवण सुमारे २ लाख ८२ हजार वर्षांपूर्वी आली असा त्यांचा अंदाज आहे. ‘प्राचीन वारसा’ शोधायचाच तर या बाबतीत तो आपला स्वतःचा निघतो.

आता २०२४ चा अभ्यास. वर्तमानपत्रांतून फिरलेल्या बातम्यांचे मूळ तो आहे, म्हणून जरा थांबून पाहण्यासारखा आहे. एमिली कासानोव्हा आणि सहकाऱ्यांचा हा निबंध ‘मॉलिक्युलर सायकिअ‍ॅट्री’त आला. अमेरिकेतील स्पार्क या मोठ्या संग्रहातील स्वमग्न व्यक्ती आणि त्यांची स्वमग्न नसलेली भावंडे एका बाजूला, तर सर्वसाधारण लोकांचे जनुकीय संग्रह दुसऱ्या बाजूला, अशी तुलना होती. तुलना तीन लोकगटांत स्वतंत्रपणे केली: कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक गोरे आणि हिस्पॅनिक नसलेले गोरे. निष्कर्ष असा, की स्वमग्न व्यक्तींत एकूण निअँडरथल अंश जास्त नाही. मात्र काही विशिष्ट, बहुतेक विरळ, निअँडरथल बदल त्यांच्यात अपेक्षेपेक्षा जास्त आढळतात. एसएलसी३७ए१ या जनुकातील एक बदल अपस्मार असलेल्या स्वमग्न व्यक्तींच्या संदर्भात वेगळा नोंदवला आहे.

निबंध जबाबदारीने लिहिलेला आहे. घोटाळा मथळ्यांनी केला. वाचताना दोन गोष्टी निसटता कामा नयेत. पहिली: हे बदल भावंडांतही जास्त दिसले. घरात स्वमग्नतेकडे कल असू शकतो, पण ज्या बदलामुळे एक मूल स्वमग्न आणि दुसरे नाही असे ठरत नाही, त्याला निदानात जागा नाही. दुसरी: विरळ बदलांची तुलना फार नाजूक असते. दोन संग्रहांतील लोकांचे पूर्वज थोडे जरी वेगळे असले, किंवा नमुने वेगळ्या प्रयोगशाळांत वाचलेले असले, तरी विरळ बदलांच्या संख्येत फरक पडतो. गट पाडून ही अडचण कमी होते. ती पुरती जात नाही. दक्षिण आशियाई गट त्या तुलनेत नव्हताच, त्यामुळे आपल्या खानदेशातल्या, म्हणजे जळगाव-धुळ्याकडच्या, मुलांविषयी हा निबंध काहीच म्हणत नाही.

बाकीचा पुरावा कल्पनेला फारसा साथ देत नाही. आफ्रिकी लोकसमूहांत निअँडरथल अंश अगदी थोडा, सरासरी ०.३ टक्क्यांच्या आसपास, आणि तोही बव्हंशी मागाहून परतलेल्या लोकांबरोबर गेलेला. स्वमग्नता मात्र तिथेही आहे. पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये स्वमग्नतेची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के काढली गेली. हा आकडा मोठा आहे, पण त्यात जे भरलेले आहे ते मुख्यतः शेकडो-हजारो सामान्य बदलांचा बारीक-बारीक परिणाम. त्याशिवाय आई-वडील दोघांतही नसलेले, मुलात नव्यानेच झालेले बदल आहेतच; सीएचडी८ किंवा एससीएन२ए मध्ये असा बदल सापडला, की पूर्वजांची चर्चा तिथेच संपते.

भारताविषयीची माहिती आता बरीच स्पष्ट आहे. प्रिया मूरजानी यांच्या गटाने २,७६२ भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचांवर केलेले काम २०२५ मध्ये ‘सेल’मध्ये आले. निअँडरथल अंश इथेही एक ते दोन टक्केच, पण तुकड्यांचे वैविध्य जगात सर्वाधिक. या सगळ्यांकडचे तुकडे एकत्र केले तर निअँडरथल जनुकसंचाचा जवळजवळ अर्धा भाग पुन्हा उभा राहतो. तीन अब्ज अक्षरांचे दोन टक्के म्हणजे सहा कोटी अक्षरे. चोपड्याच्या एका माणसाकडचे सहा कोटी आणि साक्रीच्या दुसऱ्याकडचे सहा कोटी बरेचसे वेगवेगळ्या ठिकाणचे असू शकतात. ‘निअँडरथल टक्का’ हा एकच आकडा म्हणूनच मेंदूविषयी काही सांगू शकत नाही.

खानदेशातच काय, भारतात कुठेही निअँडरथलाचे निर्विवाद हाड मिळालेले नाही. नर्मदेकाठी हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये सापडलेली कवटी प्राचीन मानवाची आहे, पण तिचे नेमके स्थान वादात आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. ते लोक आधुनिक मानव होते. संकर त्याआधी वीसेक हजार वर्षे पश्चिमेकडे कुठेतरी होऊन गेला होता आणि त्याचे तुकडे त्यांच्या अंगी आधीच होते. आज जळगावच्या एखाद्या घरात निअँडरथल अंश ‘सासरकडून’ की ‘माहेरकडून’ आला, या प्रश्नाला त्यामुळे अर्थच नाही. तो दोन्हीकडून आलेला आहे, आणि शेजाऱ्याकडेही आहे.

निअँडरथल तुकडा आरोग्यावर परिणाम करतच नाही असे मात्र नव्हे. तिसऱ्या गुणसूत्रावरील सुमारे ५० हजार अक्षरांचा एक तुकडा तीव्र कोविडचा धोका वाढवतो, असे झेबेर्ग आणि पेबो यांनी २०२० मध्ये दाखवले. दक्षिण आशियात निम्म्या लोकांकडे त्याची किमान एक प्रत आहे. पुढच्याच वर्षी भारतीय संशोधकांनी दक्षिण आशियातील माहिती पडताळली, तेव्हा या तुकड्याचे प्रमाण आणि कोविडची व्याप्ती किंवा मृत्यू यांचा मेळ बसला नाही. नेमका तुकडा, नेमका आजार आणि प्रचंड माहिती हाताशी असताना ही गत. स्वमग्नतेसारख्या बहुरूपी अवस्थेबाबत घाई करण्याचे कारण दिसत नाही.

खानदेशात पूर्वजांविषयी विचारायचेच असेल तर ते दोन-तीन पिढ्यांपुरते विचारावे. जवळच्या नात्यातील विवाह असलेल्या अरब देश, तुर्कस्तान आणि पाकिस्तानातील कुटुंबांचा अभ्यास करून ख्रिस्तोफर वॉल्श यांच्या गटाने २००८ मध्ये स्वमग्नतेची काही अप्रभावी जनुकीय कारणे शोधली. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातील अनेक समाजांत चालत आलेले आहे, आणि समाजांतर्गत लग्ने तर सर्वत्र. केसपेपरवर ‘नात्यात लग्न: नाही’ अशी खूण होते तेव्हा पुष्कळदा ‘सख्ख्या नात्यात नाही’ एवढाच तिचा अर्थ असतो. आजी-आजोबांची गावे, आत्या-मामांकडचे अपस्मार, उशिरा बोललेली मुले, दगावलेली बाळे हे सारे विचारून वंशवृक्ष काढायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. गरज वाटल्यास फ्रॅजाइल एक्स आणि मायक्रोअ‍ॅरे या चाचण्यांचा निर्णय त्यावरून घेता येतो. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या नातेवाइकाने लाळेचा नमुना पाठवून मागवलेला वंशावळ अहवाल हे काम करत नाही. त्यातील निअँडरथल आकडा फाइलला लावण्याचीही गरज नाही.

निदानाची साधने वागणे पाहतात, वंश नव्हे. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी आयएसएए ही भारतीय मोजपट्टी सहा क्षेत्रांतील ४० बाबींची आहे. प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण आणि ७० पासून पुढे स्वमग्नता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे, आणि निरामय विम्यापासून यूडीआयडी कार्डापर्यंतच्या सवलती याच मूल्यमापनावर अवलंबून आहेत. उत्तर गोव्यासह पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आढळले. त्या हिशेबाने जिल्हा पातळीवरील लवकर निदान व उपचार केंद्रापर्यंत (डीईआयसी) पोहोचणारी मुले फारच थोडी असणार.

वंशाची भाषा या भागात निरुपद्रवी राहिलेली नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. १८२५ मध्ये ब्रिटिश अधिकारी आउट्रमच्या हाताखाली धरणगावी खानदेश भिल्ल कोअर उभी राहिली ती ‘रानटी’ माणसांना वळण लावण्याच्या भाषेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मावरूनच स्वभाव ठरवला. यावल-रावेरच्या तडवी किंवा शिरपूरच्या पावरा कुटुंबातील मुलाबद्दल ‘आदिम अंश’ हे शब्द दवाखान्यात उच्चारले गेले, तर ते कुठे जाऊन पोहोचतील हे सांगायला नको. अशा भाषेला मोजमापाने उत्तर मिळाल्याचेही उदाहरण आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२७ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशानुसार बदलते, हे गुरूंचे गृहीतक होते. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही, असे गुरूंच्याच संस्थेत लिहून दिले.

स्वमग्नता आणि निअँडरथल तुकडे यांचा भारतीय अभ्यास व्हायचा असेल तर त्याला मूल, आई, वडील आणि स्वमग्न नसलेले भावंड अशा चौघांचे नमुने लागतील, ते एकाच प्रयोगशाळेत वाचावे लागतील, आणि तुलनेसाठी त्याच समाजातील, त्याच तालुक्यांतील कुटुंबे घ्यावी लागतील. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे येणारी कुटुंबे अशा कामासाठी मोलाची आहेत. त्यांच्या केसपेपरवर आज तीन पिढ्यांचा वंशवृक्ष, नात्यातील लग्न, अपस्मार आणि आयएसएएचे क्षेत्रनिहाय गुण नोंदलेले असले, तर पुढे नमुना कुणाचा घ्यायचा हे ठरवता येईल. नुसत्या एकूण गुणांवरून ते ठरवता येणार नाही.