पाणी वाचविण्याची किंमत कोणी मोजायची?

२०२३ च्या जुलै महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात असा पाऊस कोसळला, की महागाव तालुक्यातील आनंदनगरच्या पुरात अडकलेल्या गावकऱ्यांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाठवावी लागली. त्यानंतर आलेला ऑगस्ट हा देशातील १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि महाराष्ट्रातही पावसाने दीर्घ ओढ दिली. वार्षिक सरासरी नऊशे मिलिमीटरच्या घरात असलेल्या या जिल्ह्याला दुष्काळी म्हणता येत नाही आणि सुखीही म्हणवत नाही, याचे मर्म या दोन महिन्यांत सापडते. पाऊस पडतो, पण कपाशीला बोंडे धरण्याच्या वेळी किंवा सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या वेळी तो येईलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. अशा वेळी पाण्याच्या दोन-तीन पाळ्या मिळाल्या, तर पीक तरते; न मिळाल्या, तर बियाणे, खत आणि फवारणी यांवर झालेला सारा खर्च मातीत जातो. म्हणून सोळा तालुक्यांच्या या कापूसप्रधान जिल्ह्यात थोडके पाणी पुरवून वापरणे ही चैनीची नव्हे, तर निर्वाहाची बाब आहे.

ठिबक आणि तुषार सिंचनासाठी सरकार आर्थिक साह्य देते, ते याच कारणासाठी. महाराष्ट्राने हे अनुदान १९८६-८७ पासून सुरू केले, म्हणजे केंद्राची मोठी योजना येण्याच्या पुष्कळ आधी. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेखाली 'प्रति थेंब अधिक पीक' हा कार्यक्रम आला. त्यात अल्प व अत्यल्प भूधारकांना खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के साह्य मिळते. त्यावर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य सरकार अनुक्रमे २५ आणि ३० टक्क्यांची भर घालते. लहान शेतकऱ्याला ८० आणि मोठ्याला ७५ टक्के, असा हा हिशेब होतो. कागदावर पाहिले, तर इतके उदार साह्य शेतीच्या फार थोड्या कामांना मिळते. तरीही जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात ते दूरचेच का वाटते, हा खरा प्रश्न आहे.

पहिले कारण पैशाच्या क्रमात आहे. शेतकऱ्याने महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करायचा, निवड व पूर्वसंमती यांची वाट पाहायची, नोंदणीकृत विक्रेत्याकडून संच घेऊन तो शेतात बसवायचा, देयक सादर करायचे. मग कृषी खात्याची मोका तपासणी होणार आणि त्यानंतर रक्कम बँकेच्या खात्यात जमा होणार. अनुदान ८० टक्के असले, तरी त्यापूर्वी संपूर्ण किंमत उभी करण्याची पाळी बहुधा शेतकऱ्यावरच येते. पुन्हा हे ८० टक्के सरकारने ठरविलेल्या मापदंड खर्चाचे असतात. बाजारभाव त्याहून चढा असेल, तर वरचा फरक शेतकऱ्याच्याच माथी. अनुदान महिनोन्महिने रखडल्याच्या तक्रारी तर राज्यभर वारंवार ऐकू येतात. ज्याच्या हाती रोकड आहे किंवा ज्याची बाजारात पत आहे, तो हा काळ सहज काढतो. ज्याचे पीककर्ज थकले आहे, त्याला सावकाराकडे जावे लागते. आणि सावकाराचे व्याज अनुदानाच्या तारखेसाठी थांबत नाही. साह्याची टक्केवारी गरिबाच्या बाजूने आणि साह्याची रीत सधनाच्या बाजूने, अशी ही विसंगती आहे.

दुसरे कारण याहून खोल आहे. ठिबकची नळी पाणी निर्माण करीत नाही. असलेले पाणी ती बेताने देते. त्यामुळे सातबाऱ्यावर विहिरीची अथवा अन्य सिंचनसाधनाची नोंद असलेला शेतकरीच या साह्याचा स्वाभाविक धनी ठरतो. पुसद-उमरखेड भागातील ओलिताच्या ऊस, केळी व हळदीला ते मिळते, यात गैर काही नाही. उसासारख्या तहानलेल्या पिकाला मोकाट पाणी देण्यापेक्षा ते केव्हाही बरे. परंतु झरी-जामणी, मारेगाव किंवा केळापूरच्या उतारावरील मुरमाड जमिनीत ज्या कोलाम शेतकऱ्याला विहीरच नाही, त्याला नळीवरचे ८० टक्के अनुदान म्हणजे बैल नसलेल्याला जू देण्यासारखे आहे. त्याला आधी शेततळे किंवा विहीर, मग पंप आणि त्यानंतर तुषार संच, अशी साखळी हवी. या प्रत्येक कडीसाठी सरकारची योजना आहे, हेही खरे. शेततळ्यासाठी एक, सौर पंपासाठी दुसरी, संचासाठी तिसरी. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, यादी वेगळी आणि मंजुरीचे वर्षही वेगळे. तळे झाले तेव्हा पंप नाही आणि पंप आला तेव्हा संच नाही, असे घडले, तर तीन योजनांचा खर्च होऊनही शेत कोरडेच राहते.

तिसरी गोष्ट विजेची. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून राज्यात मोफत वीज मिळते. संकटातील शेतकऱ्याला हा दिलासा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र वीज फुकट आणि तीही बेभरवशाची असली, की माणूस साहजिकच वीज येताच पंप सुरू करून वावर भिजवून घेतो. ठिबकला याच्या नेमके उलट हवे असते: थोडा वेळ, पण नियमित आणि शक्यतो दिवसा मिळणारी वीज. जिथे अजून रात्रीच्या पाळीनेच वीज येते, तिथे अंधारात गाळणी साफ करणे आणि तुंबलेल्या नळ्या शोधणे कोणाला शक्य आहे? एका हाताने पाणी वाचविण्यासाठी अनुदान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने ते मोकाट सोडण्याची सोय करायची, हा प्रकार थांबवायचा, तर दिवसाची वीज आणि ठिबक यांचा विचार एकत्रच करावा लागेल.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की अनुदान आगाऊ दिले, तर खोटी देयके आणि कागदोपत्री संच यांना ऊत येईल. ही भीती अनाठायी नाही. पण तपासणी हवी, म्हणून सारा भार शेतकऱ्यानेच वाहावा, असा तिचा अर्थ होत नाही. २००५ मध्ये गुजरातने याच कामासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली, तर आंध्र प्रदेशाने २००३ मध्ये सूक्ष्म सिंचनाचा प्रकल्प हाती घेतला. शेतकऱ्याने फक्त आपला हिस्सा भरावा आणि उरलेली रक्कम तपासणीनंतर पुरवठादाराला परस्पर द्यावी, हे त्यांचे तत्त्व. वाट पाहण्याचा भार अशा रीतीने कंपनीवर जातो आणि तो पेलण्याची ताकद लहान शेतकऱ्यापेक्षा तिच्यात अधिक असते. राज्यांना या कामासाठी कर्ज मिळावे म्हणून नाबार्डमध्ये ५,००० कोटींचा सूक्ष्म सिंचन निधी उभारण्यात आला आणि तो दुप्पट करण्याची घोषणा २०२१ च्या अर्थसंकल्पात झाली. तेव्हा निधीची वाट ठाऊक नाही, असे म्हणण्यास जागा नाही.

कालव्याखालच्या शेतीचा प्रश्न निराळा आहे. बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा किंवा दिग्रसजवळील अरुणावती यांसारख्या प्रकल्पांचे पाणी पाळीने येते आणि ठिबकला ते रोज थोडे थोडे लागते. मधल्या काळासाठी साठवणतळे नसेल, तर एकेकट्या शेतकऱ्याच्या संचाचा उपयोग होत नाही. तळे आणि दाबयुक्त नळ ही पाणीवापर संस्थेने मिळून करावयाची कामे आहेत. कालव्याचे पाणी दाबयुक्त नळांनी एक हेक्टरपर्यंतच्या शेतांपर्यंत नेण्यासाठी केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये १,६०० कोटींची प्रायोगिक योजना मंजूर केली, तीही याच दिशेने जाते. विदर्भासारख्या सिंचनात मागे पडलेल्या प्रदेशाला तिचा लाभ व्हावा, अशी मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरावयास हवी.

मुळात मोजमापच बदलण्याची गरज आहे. १९८४ मध्ये दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, तेव्हापासून विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा किती हेक्टर सिंचनक्षमता निर्माण झाली, या भाषेत होत आली. त्या हेक्टरांवर पाणी किती पोचले, हे विचारणारे थोडेच निघाले. ठिबकचेही तसेच होऊ नये. किती क्षेत्रावर नळ्या अंथरल्या, याचा आकडा दरवर्षी प्रसिद्ध होतो. पण त्या नळ्या तिसऱ्या वर्षी चालू आहेत की उंदरांनी कुरतडल्या, क्षारांनी तुंबल्या आणि बांधावर गुंडाळून पडल्या, हे कोण पाहतो? त्याच जमिनीसाठी पुन्हा अनुदान सात वर्षांनंतर मिळते. मधल्या काळातील दुरुस्तीचा विचार योजनेत जवळजवळ नाही. शिवाय वाचलेले पाणी शेजारच्या कोरड्या तुकड्याला मिळाले, तर ती खरी बचत. तेच अधिक तहानलेल्या पिकाकडे वळले, तर भूजल खालीच जाणार. आधुनिक साधनाने पाण्याचा एकूण वापर आपोआप घटत नाही, असा इशारा जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अहवालाने २०१७ मध्येच दिला होता.

पाण्याची बचत ही केवळ शेतकऱ्याची खासगी मिळकत नव्हे. विहिरीत राहिलेले पाणी गावाच्या पिण्याच्या पाण्याला आधार देते आणि तरलेले पीक सरकारचा कर्जमाफीचा खर्च टाळते. ज्या बचतीचा लाभ साऱ्या समाजाला होतो, तिची किंमत समाजाने वेळेवर मोजली पाहिजे. साह्य पेरणीपूर्वी मिळावे, विहीर नसलेल्यापासून त्याचा आरंभ व्हावा आणि त्याची मोजणी नळीच्या लांबीने नव्हे, तर पिकाला मिळालेल्या पाळ्यांनी व्हावी. एवढे झाले, तर यवतमाळच्या शेतकऱ्याला ऑगस्टमधील कोरड्या आभाळाची धास्ती थोडी कमी वाटेल. पीक वाळल्यानंतर खात्यात जमा होणारे अनुदान हिशेबाच्या वहीत खर्च म्हणून दिसते. शेतात मात्र ते कोठेच दिसत नाही.