यंत्र विकत, हक्क उसना

जानेवारी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एका पत्रातून जगभरच्या हौशी प्रोग्रॅमरांना कळले की, ‘एक्सएनए’ नावाच्या अवजारसंचाचा विकास आता थांबला आहे. २००६ साली हाच संच मोठ्या गाजावाजाने बाहेर काढण्यात आला होता. विद्यार्थ्याने, कारकुनाने, पाळी संपवून घरी आलेल्या कामगाराने आपल्या संगणकावर स्वतःचा गेम लिहावा, वर्षाला ९९ डॉलर वर्गणी भरावी आणि तो आपल्या एक्सबॉक्स ३६० यंत्रावर चालवावा, असे ते आवाहन होते. २००८ पासून तो गेम कंपनीच्या दुकानात विक्रीला ठेवण्याचीही सोय झाली. लोकांनी हे आवाहन खरे मानले. २०१७ साली ते दुकानही बंद झाले. ज्यांचे श्रम त्यात गुंतले होते त्यांचा कौल घेण्याची गरज कंपनीला वाटली नाही; कारण मालकाने कुळाचा कौल घेण्याची रीत कोणत्याच जमीनदारीत नसते.

महागाई, बेरोजगारी आणि पाणीटंचाई यांचे प्रश्न दाराशी उभे असताना समाजवादी कार्यकर्त्यांनी गेमसारख्या करमणुकीच्या विषयात वेळ का दवडावा, अशी शंका स्वाभाविक आहे. परंतु ही शंका वस्तूकडे पाहते, वस्तूमागच्या संबंधांकडे पाहत नाही. उत्पादनाचे साधन कोणाच्या ताब्यात आहे आणि ते वापरण्याची परवानगी कोण देतो, हा समाजवादाचा पहिला प्रश्न होय. साधन नांगर आहे, माग आहे की संगणक आहे, यावरून त्या प्रश्नाचे स्वरूप बदलत नाही. शिवाय आज तरुण पिढीचा एक मोठा भाग प्रथम ज्या यंत्राच्या नादी लागतो, ते यंत्र त्याला केवळ गिऱ्हाईक म्हणून वाढवणार की निर्माता होऊ देणार, हा प्रश्न क्षुल्लक म्हणता येणार नाही.

कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडायचा संगणकच होय. सामान्य संगणकात जे असते तेच त्यात असते. अधिक असते ते एक कुलूप. १९८५ साली निन्टेन्डो कंपनीने अमेरिकेत आणलेल्या यंत्रात अशी एक चिप होती की, कार्ट्रिजमधील तिची जोडीदार चिप जुळली नाही तर गेम सुरूच होत नसे. ती जोडीदार चिप मिळे परवानाधारकाला, आणि परवाना मिळे कंपनीच्या अटींवर. तेव्हापासून या धंद्याचे अर्थकारण ठरून गेले आहे. यंत्र थोड्या नफ्यावर, प्रसंगी तोटा सोसूनही विकायचे आणि वसुली करायची ती प्रत्येक गेममागे. आज कंपन्यांच्या डिजिटल दुकानांत साधारण तीस टक्के वाटा कापून घेण्याची रूढी आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत हा नफा नव्हे, हा खंड आहे. कारण तो काही नवे निर्माण केल्याबद्दल मिळत नाही, वाट अडवून बसल्याबद्दल मिळतो.

या व्यवस्थेत हौशी माणसाला जागाच नव्हती. अधिकृत विकाससंचाची किंमत हजारो डॉलरच्या घरात असे आणि तो केवळ मान्यताप्राप्त कंपन्यांना मिळे. म्हणूनच सोनी कंपनीने १९९६ साली जपानमध्ये आणि १९९७ साली युरोप-अमेरिकेत ‘नेट यारोझे’ आणला, तेव्हा त्याचे मोठे स्वागत झाले. ‘यारोझे’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘चला, करू या’ असा सांगितला जातो. काळ्या रंगाचे प्लेस्टेशन, संगणकाला जोडणारी तार, प्रोग्रॅमिंगची साधने आणि पुस्तिका, असा तो संच अमेरिकेत सुमारे ७५० डॉलरला मिळे. नोकरदारालाही ही रक्कम जड होती. पण दार प्रथमच किलकिले झाले होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

मात्र दार किती किलकिले होते, तेही पाहिले पाहिजे. हौशी माणसाचा संपूर्ण गेम यंत्राच्या दोन मेगाबाइट मुख्य स्मृतीच्या मर्यादेत बसवावा लागे. व्यावसायिक कंपन्यांप्रमाणे सीडीवरून गेमचा मजकूर हळूहळू वाचण्याची मोकळीक त्याला नव्हती. त्याने लिहिलेला गेम शेजारच्या मुलाच्या साध्या प्लेस्टेशनवर चालत नसे; तो दुसऱ्या यारोझेधारकालाच खेळता येई. ब्रिटनमध्ये एका मासिकाच्या डिस्कवर काही निवडक गेम लोकांपर्यंत पोहोचले, तेही कंपनीच्या मर्जीने. तरीही या अपुऱ्या साधनातून काय उगवले पाहा. ‘डेव्हिल डाइस’ या नावाने पुढे जगभर विकल्या गेलेल्या गेमचा आरंभ याच संचावर झाला होता. बुद्धी दुर्मीळ नव्हती, संधी दुर्मीळ करून ठेवण्यात आली होती.

यापुढचा प्रसंग तर भांडवली न्यायाचा उत्तम नमुना आहे. प्लेस्टेशन-२ युरोपात आले तेव्हा सोबतच्या डिस्कवर बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहिण्याची छोटीशी सोय देण्यात आली होती. त्याच काळात युरोपच्या जकात अधिकाऱ्यांपुढे कंपनीचे म्हणणे असे होते की, हे यंत्र खेळणे नसून संगणक आहे. कारण संगणकाला लागू होणारी जकात तिला सोयीची होती. वाद न्यायालयात गेला आणि या यंत्राला ‘व्हिडिओ गेम’ ठरवणारा युरोपीय आयोगाचा नियम २००३ साली रद्द झाला. म्हणजे कर भरायची वेळ आली की तो संगणक, आणि विकत घेणाऱ्याने आपला प्रोग्रॅम चालवायची मागणी केली की ते केवळ खेळणे! एकाच वस्तूची ही दोन रूपे ज्याला सोयीची, त्यालाच व्याख्या करण्याचा अधिकारही आहे.

प्लेस्टेशन-३ यंत्रावर लिनक्स बसवण्याची सोय मुळातच दिलेली होती. ती पाहून अनेकांनी यंत्र घेतले. अमेरिकेच्या वायुदलानेही सुमारे १,७०० यंत्रे जोडून एक महासंगणक उभारला. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने एका नव्या अद्ययावत आवृत्तीद्वारे ही सोय काढून टाकली. आवृत्ती न घेणाऱ्याला कंपनीच्या जाळ्यावर खेळता येणार नव्हते. घेणाऱ्याचे लिनक्स जाणार होते. कारण सुरक्षिततेचे देण्यात आले. अमेरिकेत ग्राहक न्यायालयात गेले आणि अनेक वर्षांनंतर तडजोड झाली. परंतु विकलेल्या वस्तूतील एक भाग विकणाऱ्याने घरात शिरून काढून न्यावा आणि त्याला ‘सुधारणा’ म्हणावे, ही गोष्ट घडून गेली ती गेलीच.

कंपन्यांच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. पहिला असा की, कुलूप नसेल तर निकृष्ट गेमचा पूर येतो आणि बाजार कोसळतो. यासाठी १९८३ च्या अमेरिकन मंदीचा दाखला दिला जातो. परंतु घरगुती संगणकावर असे कुलूप कधीच नव्हते आणि तेथे गेमचा धंदा बुडाला नाही. दुकानात काय मांडावे हे ठरवण्याचा दुकानदाराचा अधिकार एक वेळ मान्य करता येईल. पण माणसाने आपल्या घरात आपल्या यंत्रावर काय चालवावे, हे ठरवण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. दुसरा युक्तिवाद चोरट्या प्रतींचा आहे. चोरी रोखण्यासाठी सगळ्या गावाला तुरुंगात ठेवण्याचा हा न्याय आहे. तिसरा युक्तिवाद यंत्र तोट्यात विकण्याचा. तोट्यात विकण्याची सक्ती कंपनीवर कोणी केलेली नाही. प्रतिस्पर्ध्याला बाजारात पाय ठेवू न देण्यासाठी तिनेच ती किंमत ठरवलेली असते. मग तिची भरपाई नवशिक्या निर्मात्याच्या हक्कातून का व्हावी?

साधने आता स्वस्त झाली आहेत, हे खरे. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने दुकानात मिळणारा एक्सबॉक्स वनच थोड्या शुल्कात विकासासाठी वापरण्याची मुभा दिली. पुढे खुल्या प्रकाशनाचीही योजना आणली, पण अशा गेमसाठी वेगळी ओटी बांधली आणि काही सोयी माजघरातच राखून ठेवल्या. लहान निर्मात्यांना विकाससंच देण्याच्या योजना इतर कंपन्यांनीही काढल्या. सोनीने २०२३ साली भारतासाठी ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ जाहीर केला. पुण्यातील एका छोट्या स्टुडिओचा ‘राजी’ हा गेम २०२० साली निन्टेन्डो स्विचवर आला, याचा आनंद प्रत्येकाला व्हावा. परंतु निवड करणारा, अटी घालणारा आणि योजना गुंडाळणारा एकच असेल, तर त्याला हक्क म्हणत नाहीत. त्याला मेहेरबानी म्हणतात. स्वस्त खंड हा खंडच असतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने खंड कमी करून मागितला नव्हता. ‘कसेल त्याची जमीन’ असे म्हटले होते.

पर्याय हवेत नाही. एक्सएनएचेच साधन स्वयंसेवी प्रोग्रॅमरांनी ‘मोनोगेम’ आणि ‘एफएनए’ या नावांनी खुल्या स्वरूपात पुन्हा उभे केले. एकट्या माणसाने वर्षानुवर्षे खपून लिहिलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम मूळचा एक्सएनएवरचा. पुढे तो मोनोगेमवर आला. कंपनीने सोडून दिलेली जमीन लोकांनी कसली, ती अशी. अर्जेंटिनातील दोघा प्रोग्रॅमरांनी सुरू केलेले ‘गोडो’ हे इंजिन २०१४ पासून कुणालाही विनामूल्य वापरता, तपासता आणि बदलता येते. याउलट खासगी मालकीच्या युनिटी इंजिनाने सप्टेंबर २०२३ मध्ये गेमच्या प्रत्येक नव्या स्थापनेमागे शुल्क आकारण्याचे जाहीर केले, तेव्हा निर्मात्यांनी इतका विरोध केला की वर्षभराने ते शुल्क मागे घ्यावे लागले. संघटित विरोधाने मालक हटतो, हा धडा कामगार चळवळीला नवा नाही.

तरीही गोडोपुढे कन्सोलचे कुलूप आहेच. कन्सोलशी बोलणारा भाग कंपन्यांच्या गुप्ततेच्या कराराखाली येत असल्यामुळे तो खुल्या इंजिनात प्रसिद्ध करता येत नाही. म्हणजे प्रश्न केवळ पैशाचा उरलेला नाही. ज्ञान गुप्त ठेवण्याचा आहे. डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो स्वस्ताईसाठी नव्हे, यंत्र माणसाच्या आवाक्यात आणि ताब्यात राहावे यासाठी धरला. आजचे यंत्र आकाराने लहान झाले, पण त्याचा ताबा पूर्वीपेक्षा दूर गेला आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. विकत घेतलेल्या प्रत्येक कन्सोलवर स्वतःचा प्रोग्रॅम चालवण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने मान्य व्हावा. त्यासाठी लागणारी तांत्रिक माहिती गुप्ततेच्या कराराविना खुली असावी. विक्रीच्या वेळी दिलेली सोय नंतर काढून घेण्यास मनाई असावी. आणि कंपनीने एखादे साधन सोडून दिले, तर त्याची मूळ संहिता लोकांच्या हवाली करण्याचे बंधन तिच्यावर असावे. डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये समितीच्या अहवालासह लोकांपुढे आला होता. त्यासंबंधीच्या चर्चेत मोबाइलच्या दुकानांप्रमाणे कन्सोलच्या दुकानांचाही विचार झाला पाहिजे.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. तालुक्याच्या गावी, मराठी शाळेतील जुन्या संगणकांवर खुल्या साधनांचे वर्ग संध्याकाळी भरवता येतील. त्यांना परवाना लागत नाही आणि वर्गणीही लागत नाही. एखादी मुलगी तेथे आपला पहिला गेम लिहील आणि विचारील की, हा माझ्या मामाच्या घरच्या कन्सोलवर का चालत नाही? त्या प्रश्नाचे खरे उत्तर तिला देणे, आणि ते उत्तर बदलण्यासाठी तिला सोबत घेणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.