पन्नास वर्षांची थकबाकी

२०११ च्या जनगणनेचे आकडे धरले तर राजस्थानातील लोकसभेचा एक सदस्य सरासरी २७.४ लाख लोकांचे प्रतिनिधित्व करतो आणि केरळातील एक सदस्य १६.७ लाखांचे, म्हणजे संसदेच्या तराजूत राजस्थानी नागरिकाचे वजन केरळी नागरिकाच्या जेमतेम साठ टक्के भरते. राज्यघटनेचे ८१ वे कलम याच्या नेमके उलट सांगते. प्रत्येक राज्याच्या लोकसभेतील जागा आणि त्या राज्याची लोकसंख्या यांचे गुणोत्तर शक्य तितके सर्वत्र सारखे असावे, असा त्याचा आदेश आहे, आणि हे गुणोत्तर बिघडू नये म्हणून प्रत्येक जनगणनेनंतर जागांचे फेरवाटप करण्याची तरतूद ८२ व्या कलमात आहे. साठ लाखांपर्यंत लोकसंख्येच्या छोट्या राज्यांना यातून सूट मिळते आणि म्हणून साडेचौदा लाखांच्या गोव्याला दोन खासदार मिळतात. पण मोठ्या राज्यांच्या बाबतीत ही तफावत घटनाकारांना अभिप्रेत नव्हती. ती निर्माण झाली ती फेरवाटप थांबवल्यामुळे. १९७१ च्या शिरगणतीनुसार उत्तर प्रदेश, तमिळनाडू, राजस्थान, केरळ आणि महाराष्ट्र या पाचही राज्यांत एका खासदारामागे दहा ते अकरा लाख लोक होते. लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप त्यानंतर त्याच आकड्यांवर थांबले.

हे वाटप पूर्वी थांबत नसे. १९६१ च्या जनगणनेनंतरच्या फेररचनेत तत्कालीन मद्रास राज्याच्या जागा ४१ वरून ३९ झाल्या, आंध्र प्रदेशाच्या ४३ वरून ४१ झाल्या, उत्तर प्रदेशानेही एक जागा गमावली, तर महाराष्ट्राची संख्या ४४ वरून ४५ वर आणि पुढच्या फेरीत ४८ वर गेली. दक्षिणेने जागा गमावण्याचा प्रसंग नवा नाही. तेव्हा त्यावरून संघराज्य हादरले नाही इतकेच. १९७६ मध्ये आणीबाणीच्या काळात राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने असा विचार मांडला की कुटुंबनियोजनात यशस्वी होणाऱ्या राज्यांना संसदेत तोटा होऊ नये, आणि ४२ व्या घटनादुरुस्तीने २००१ पर्यंत जागा गोठवण्यात आल्या. त्या वर्षीचे वातावरण लक्षात ठेवायला हवे: महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक याच वर्षी संमत केले होते आणि त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, हे या राज्याचे सुदैव. पंचवीस वर्षांनी मुदत संपली तेव्हा वाजपेयी सरकारच्या काळात ८४ व्या घटनादुरुस्तीने ती पुन्हा वाढवली गेली आणि २०२६ नंतर होणाऱ्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत हा प्रश्न पुढे ढकलला गेला. ती जनगणना म्हणजे १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरवून अधिसूचित झालेली जनगणना होय. महिलांना लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा देणारी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्तीही जनगणना आणि तीनंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेला बांधून ठेवल्यामुळे, कोणालाही नको असलेला हिशोब आणि सर्वांना हवी असलेली सुधारणा यांची एकच गाठ पडली आहे.

तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगण यांची बाजू सोपी आणि प्रथमदर्शनी पटणारी आहे. राष्ट्राने सांगितले ते आम्ही केले, जन्मदर खाली आणला, आणि आता त्याच कामगिरीबद्दल आमचा आवाज लहान होणार, असे ती म्हणते. २०२५ च्या मार्च महिन्यात चेन्नईत झालेल्या अनेक राज्यांच्या बैठकीने ही गोठवणूक आणखी पंचवीस वर्षे चालू ठेवण्याची मागणी केली ती याच आधारावर. मात्र प्रतिनिधित्व हे राज्य सरकारांना वाटायचे बक्षीस आहे का, हा प्रश्न या मांडणीत सुटून जातो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या अपत्यांची संख्या, म्हणजे एकूण प्रजनन दर, बिहारात ३.० आणि तमिळनाडूत १.८ होता, या फरकामागे मुलींच्या शाळा, लग्नाचे वय, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि बालमृत्यूंचे प्रमाण उभे आहे. बिहारच्या खेड्यात ज्या मुलीला शाळा मिळाली नाही आणि जिचे लग्न लवकर लावून दिले गेले, तिच्या मताची किंमत तिच्या राज्याच्या अपयशापायी कमी करणे म्हणजे तिच्यावर दुसरा अन्याय करणे होय. चांगल्या कामगिरीची दखल घ्यायची तर तिची जागा पैशाच्या वाटपात आहे, आणि पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाट्याच्या सूत्रात लोकसंख्याविषयक कामगिरीला साडेबारा टक्के वजन देऊन ती जागा दाखवूनही दिली आहे. ते वजन अपुरे असेल तर वाढवून मागावे.

तरीही दक्षिणेच्या भीतीला नुसते प्रादेशिक राजकारण म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण तिच्याभोवती दिली जाणारी आश्वासने आकड्यांच्या कसोटीवर टिकत नाहीत. कोणत्याही राज्याची एकही जागा कमी होणार नाही, असे सांगितले जाते. आणि नव्या लोकसभेच्या सभागृहात ८८८ आसने असल्यामुळे हे आश्वासन पाळणे अवघडही नाही. प्रश्न वाट्याचा आहे. २०११ च्या लोकसंख्येत केरळचा वाटा २.७६ टक्के होता. केरळच्या २० जागा शाबूत ठेवून बाकीच्या राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्यायच्या तर लोकसभा सुमारे ७२५ सदस्यांची करावी लागेल. अशा सभागृहात उत्तर प्रदेशाचे सुमारे १२० आणि तमिळनाडूचे सुमारे ४३ सदस्य असतील. कोणाचीही जागा गेलेली नसेल, उलट तमिळनाडूला चार मिळालेल्या असतील, पण आज ७.२ टक्के असलेला त्याचा वाटा सहा टक्क्यांखाली आलेला असेल आणि उत्तर प्रदेशाचा १४.७ वरून साडेसोळा टक्क्यांवर गेलेला असेल. बहुमत वाट्यावर ठरते. जागांचा नुसता आकडा तिथे कामाचा नाही. आजच्या जागांच्याच प्रमाणात सर्वांना वाढ देण्याचा दुसरा उपाय वाटे जसेच्या तसे ठेवतो खरा, पण तो ८१ व्या कलमाचा भंग कायमचा करतो. पन्नास वर्षांची थकबाकी सभागृह मोठे करून फिटत नाही.

लोकसभेत माणसे मोजली गेली पाहिजेत, हा आग्रह या स्तंभाला अपरिहार्य वाटतो. मात्र माणसे मोजणारे सभागृह एवढेच संघराज्याचे सभागृह असेल, तर त्या संघराज्यात छोट्या आणि मंदगतीने वाढणाऱ्या राज्यांना राज्य म्हणून उभे राहायला जागाच उरत नाही. ती जागा राज्यसभेने द्यायची होती. तिच्या रचनेच्या वेळी एक उतरते सूत्र वापरले गेले: पहिल्या पन्नास लाख लोकसंख्येपर्यंत दर दहा लाखांमागे एक सदस्य आणि त्यापुढे दर वीस लाखांमागे एक. त्यामुळे लहान राज्यांना थोडे झुकते माप मिळाले, तरी उत्तर प्रदेशाचे ३१, महाराष्ट्राचे १९, तमिळनाडूचे १८, केरळचे ९ आणि गोव्याचा १ सदस्य असे जे चित्र तयार झाले ते लोकसभेचीच फिकट नक्कल आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याला सिनेटमध्ये दोनच सदस्य मिळतात, मग ते कॅलिफोर्निया असो वा वायोमिंग. जर्मनीच्या बुंडेसराटमध्ये प्रत्येक घटकराज्याला लोकसंख्येनुसार किमान तीन आणि कमाल सहा मते असतात. भारताला अमेरिकी टोक गाठण्याची गरज नाही, पण जर्मन पद्धतीतील किमान-कमाल मर्यादेचे तत्त्व आपल्याकडे विचारात घेण्याजोगे आहे.

राज्यसभेचे दुसरे दुखणे संख्येच्या पलीकडचे आहे. २००३ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात बदल करून सदस्य ज्या राज्यातून निवडून जातो तिथला रहिवासी असण्याची अट काढून टाकण्यात आली, आणि २००६ मध्ये कुलदीप नय्यर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. तेव्हापासून कोणत्याही राज्याच्या आमदारांकडून कोणत्याही राज्याचा नेता निवडून आणण्याची सोय कायदेशीर झाली. पक्षांना ती सोयीची होती, म्हणून तिच्याविरुद्ध फारसे कोणी बोलले नाही. त्यातच धन विधेयकावर राज्यसभेला शिफारशींपलीकडे अधिकार नाही आणि एखादे विधेयक त्या प्रकारचे आहे की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. ज्या सभागृहात राज्यांचे म्हणणे मांडायचे ते असे पोकळ झाल्यावर राज्यांनी आपली सगळी भिस्त लोकसभेच्या गोठलेल्या आकड्यांवर ठेवली, तर त्यात नवल नाही. म्हणून फेरवाटप आणि राज्यसभेची दुरुस्ती हे दोन्ही एकाच घटनादुरुस्तीत आले पाहिजेत: लोकसभेत २०२७ ची लोकसंख्या, आणि त्या बदल्यात राज्यसभेत रहिवासाची अट, किमान-कमाल मर्यादेचे नवे वाटप आणि राज्यांच्या महसुलाला हात घालणाऱ्या विधेयकांवर खरा अधिकार. संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व बदलणाऱ्या दुरुस्तीला ३६८ व्या कलमानुसार निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते, त्यामुळे असा व्यवहार उत्तरेला आणि दक्षिणेला एकत्र बसूनच करावा लागेल.

जागा माणसांच्या मोजणीवर ठरू लागल्या की मोजणीच राजकारण बनते, याचा पुरावा भारतातच आहे. नागालँडची लोकसंख्या १९९१ ते २००१ या दशकात ६४ टक्क्यांहून अधिक वाढल्याची नोंद झाली आणि पुढच्या दशकात ती किंचित घटल्याची. यापैकी पहिला आकडा फुगवलेला होता हे तिथल्या राज्य सरकारनेही नाकारले नाही. नायजेरियात १९६२ आणि १९७३ च्या दोन जनगणना उत्तर-दक्षिण वादात रद्द झाल्या. २००६ च्या मोजणीत लागोस राज्याची लोकसंख्या नव्वद लाख निघाली, तर लागोस सरकारच्या स्वतःच्या मोजणीने ती पावणेदोन कोटींच्या घरात दाखवली. अमेरिकेच्या काँग्रेसने १९२० च्या जनगणनेनंतर फेरवाटपच केले नाही, कारण शहरे आणि तिथले स्थलांतरित ग्रामीण भागावर मात करणार हे आकड्यांतून दिसत होते. गोठवणुकीचा मोह ही काही भारताची मक्तेदारी नव्हे.

महाराष्ट्र या वादात बहुतेक गप्प असतो, आणि त्यामागे आकडे आहेत. १९७१ मध्ये देशाच्या लोकसंख्येत त्याचा वाटा ९.२ टक्के होता आणि २०११ मध्ये ९.३ टक्के. २०११ च्या प्रमाणात ५४३ जागा वाटल्या तरी त्याच्या ४८ जागांच्या ५० होतील. तोटा नाही, मोठा लाभही नाही. प्रजनन दर १.७ असलेल्या राज्याचा वाटा टिकून राहतो तो बाहेरून येणाऱ्या माणसांमुळे. भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणारा आझमगढचा मजूर जनगणनेत महाराष्ट्रात मोजला जातो आणि महाराष्ट्राच्या जागा राखतो. त्याचे नाव मात्र अनेकदा गावच्या मतदारयादीत असते. परप्रांतीयांच्या नावाने राजकारण करणाऱ्या पक्षांनी हा हिशोब कधी जाहीर सभेत मांडल्याचे दिसत नाही.

राज्याच्या आत मात्र हाच हिशोब कठोर झाला आहे. राज्यांच्या एकूण जागा गोठल्या तरी राज्यांतर्गत सीमा २००१ च्या लोकसंख्येनुसार नव्याने आखाव्यात, असे ८७ व्या घटनादुरुस्तीने ठरवले, आणि न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने आखलेली रचना महाराष्ट्रात २००९ च्या निवडणुकांपासून लागू झाली. विधानसभेच्या २८८ जागांत विदर्भाच्या ६६ च्या ६२ झाल्या. तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४ झाल्या. रत्नागिरीच्या सातांपैकी पाच उरल्या, सिंधुदुर्गाच्या चारांपैकी तीन, आणि मधु दंडवते यांनी ज्याचे प्रतिनिधित्व केले तो राजापूर लोकसभा मतदारसंघ नकाशावरून गेला. कोकणचा चाकरमानी डोंबिवलीत आणि विरारमध्ये मोजला गेला आणि त्याच्या गावची जागा त्याच्यामागून तिकडे गेली. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली असल्यामुळे पुढच्या पुनर्रचनेत ही घट वाढणार हे उघड आहे. दक्षिणेकडील राज्ये दिल्लीत जे म्हणतात तेच विदर्भ आणि कोकण मुंबईत म्हणू शकतात, आणि त्यांनाही उत्तर तेच द्यावे लागते: मत माणसाचे आहे, पण प्रदेशाला दुसरीकडे संरक्षण हवे. ३७१ (२) या कलमाखालील विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची वैधानिक विकास मंडळे हे ते संरक्षण होते. त्यांची मुदत २०२० मध्ये संपली.

दोन्ही बाजूंनी हा प्रश्न अनुभवलेल्या महाराष्ट्राला संसदेत मध्यस्थाची भूमिका घेता येते. ४८ आणि १९ अशा त्याच्या ६७ सदस्यांनी राज्यसभेच्या दुरुस्तीचा प्रस्ताव २०२७ चे आकडे जाहीर होण्यापूर्वी पुढे आणला पाहिजे, कारण आकडे प्रसिद्ध झाल्यानंतर प्रत्येक राज्याला आपला नफा-तोटा नेमका कळलेला असेल आणि मग निम्म्या विधिमंडळांची संमती मिळवणे आजच्यापेक्षा कितीतरी अवघड होईल.