शाई तीच, मग रंग का उडाला?

बालमित्रांनो, स्नेहसंमेलन जवळ आलं, की वर्गात टूम निघते : सगळ्यांनी सारखे टी-शर्ट घालायचे! वर्गणी जमते, कुणीतरी झकास चित्र काढून देतं आणि तीस टी-शर्ट छापून येतात. दुकानात सुती शर्ट कमी पडले, म्हणून दहा दुसऱ्याच कापडाचे घेतलेले असतात. दिसायला सगळे सारखेच! पण दोन-तीन धुण्यांतच त्या दहा जणांचं चित्र फिकं पडतं, बाकीच्यांचं मात्र जसंच्या तसं. यंत्र एक, शाई एक, मग असं का?

थेट कपड्यावर छापणाऱ्या यंत्राला ‘डायरेक्ट टू गारमेंट’, थोडक्यात ‘डीटीजी’ म्हणतात. कागदावर छापणाऱ्या इंकजेट प्रिंटरचा हा थोरला भाऊच म्हणा ना! टी-शर्ट फळीवर सपाट पसरायचा, की यंत्र त्यावर शाईचे इवलेसे थेंब सोडतं. या शाईत मुख्यतः पाणी असतं. रंगाचे अतिसूक्ष्म कण त्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. त्यांना कापडाला धरून ठेवणारा ‘बाइंडर’ही शाईतच असतो. छापल्यावर साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता दिली, की पाणी उडून जातं, बाइंडरचा पातळ पापुद्रा बनतो आणि रंगाचे कण त्यात पक्के बसतात.

आता गंमत पाहा. शाईत पाणी, म्हणून पाण्याशी मैत्री असलेलं कापड हवं. तो मान सुती कापडाचा! १०० ग्रॅम कोरडा कापूस नेहमीच्या हवेतूनच सात-आठ ग्रॅम ओलावा ओढून घेतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही.

पण सूत फारच तहानलेलं असतं. सगळी शाई ते आत ओढून घेईल आणि चित्र मंद दिसेल. म्हणून काळ्या किंवा गडद शर्टावर आधी क्षारयुक्त द्रव फवारून तो वाळवतात. शाई त्याला भिडली, की रंगाचे कण एकत्र येऊन वरच थबकतात. मग पांढऱ्या शाईचा थर आणि त्यावर बाकीचे रंग. हा पांढरा रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतींच्या रंगातही तोच असतो बरं का!

पॉलिएस्टरवर ही शाई नीट रुजत नाही. शिवाय रंगीत पॉलिएस्टर तापलं, की त्याचा स्वतःचा रंग सुटून वर येतो. लाल शर्टावरचा पांढरा चंद्र गुलाबी झालाच म्हणून समजा! त्यासाठी खास द्रव आणि कमी उष्णता लागते. पांढऱ्या पॉलिएस्टरसाठी दुसरीच युक्ती आहे. चित्र कागदावर छापायचं आणि सुमारे २०० अंशांवर कापडावर दाबायचं. रंगाची वाफ होऊन ती थेट धाग्यात शिरते. हात फिरवला तरी थर लागत नाही!

तुमच्या गणवेशाचं टेरिकॉट म्हणजे सूत आणि पॉलिएस्टर यांचं मिश्रण. पॉलिएस्टर जितकं जास्त, तितकं चित्र फिकं. रेशीम आणि लोकर हे तर प्रथिनांचे तंतू. जास्त तापवले तर पिवळे पडतात, त्यामुळे त्यांची तऱ्हा आणखी वेगळी.

करून पाहा : जुना सुती रुमाल आणि पॉलिएस्टरची ओढणी घ्या. दोन्हींवर एकेक थेंब पाणी सोडा. सुतावर थेंब लगेच जिरेल, ओढणीवर बहुधा थोडा वेळ तसाच राहील. नवं सुती कापड मात्र आधी धुऊन घ्या. त्यातली खळ पाण्याला अडवते. आणि खेळाच्या जर्सीला फसू नका! तिच्यावरही पाणी झटकन पसरतं, पण ते धाग्यांमधल्या फटींतून. धागा स्वतः कोरडाच!

तेव्हा दोस्तांनो, वर्गणीचे पैसे देण्याआधी प्रत्येक शर्टाच्या आतली चिठ्ठी वाचा. ‘१०० टक्के कॉटन’ असेल तर बेलाशक छापा. मिश्रण असेल तर एकच शर्ट छापून, दोनदा धुऊन पाहा आणि मगच बाकीचे द्या. छापलेला शर्ट उलटा करून थंड पाण्यात धुवा आणि चित्रावर थेट इस्त्री फिरवू नका, हे आईबाबांनाही सांगा.

आणि हो, या रविवारी कपाटातल्या दहा कपड्यांच्या चिठ्ठ्या वाचून यादी करा. आपण ‘सुती, सुती’ म्हणतो, त्यातले खरे सुती किती निघतात ते पाहा!