‘गिव्ह अप’ला कर्म हवे

गेल्या सहामाही परीक्षेच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासत असता एका उत्तरपत्रिकेपाशी आम्ही बराच वेळ थबकलो. पहिल्या प्रश्नात ‘गिव्ह अप’ या शब्दप्रयोगाचा मराठी अर्थ विचारला होता. विद्यार्थ्याने ‘वर देणे’ असे लिहिले होते. आम्ही त्यावर लाल फुली मारून पुढे गेलो. शेवटच्या पानावर निबंधाची दीड ओळ होती, तिच्याखाली ‘आय गिव्ह अप’ एवढे तीनच शब्द होते, आणि बाकीचे पान कोरे होते. जो अर्थ त्यास येत नाही असे आम्ही पहिल्या पानावर ठरविले, त्याच अर्थी तो शब्द त्याने शेवटच्या पानावर बिनचूक वापरला होता. ती लाल फुली नेमकी कोणाच्या चुकीवर पडली, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून आहे.

इंग्रजीत गिव्ह, टेक, पुट, लुक अशी लहान क्रियापदे आणि अप, ऑफ, इन, आउट असे लहान शब्द एकत्र येऊन निराळाच अर्थ धारण करतात. व्याकरणकार त्यांस ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. अवयवांचे अर्थ जोडून समुदायाचा अर्थ पुष्कळदा लागत नाही, म्हणून आम्ही शिक्षक मंडळी फळ्यावर याद्या लिहितो. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडणे, ‘गिव्ह इन’ म्हणजे नमणे, ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणे. विद्यार्थी त्या घोकतात, परीक्षेच्या दिवशी ओळी एकमेकींत मिसळतात, आणि मग ‘वर देणे’ जन्मास येते. पालक म्हणतात, मराठी माध्यमाच्या मुलांचे इंग्रजी कच्चेच राहायचे. आमच्या मते हा दोष माध्यमाचा नसून यादीचा आहे. किंबहुना, मराठीचा हात धरला तर ही वाट पुष्कळ सोपी होते.

‘मुलाने पेढा खाल्ला’ आणि ‘मुलाने पेढा खाऊन टाकला’ ही दोन वाक्ये पाहा. दुसऱ्या वाक्यात कोणी काही टाकलेले नाही; पेढा पोटातच गेला आहे. ‘टाकणे’ या क्रियापदाने आपला मूळ अर्थ बाजूस ठेवून क्रिया पुरी झाल्याचे तेवढे सांगितले. इंग्रजीतील ‘अप’ अनेक ठिकाणी हेच काम करतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाक, ‘यूज अप’ म्हणजे संपवून टाक. तेथे वर काहीच जात नाही.

आता ‘गिव्ह’कडे वळू. आमच्या घरची भाषा कोंकणी. लहानपणी मांजराचे शेपूट धरले की आई ‘सोडून दी’ म्हणून दटावीत असे. शाळेत गेल्यावर ‘सोडून दे’ हे मराठी कानी पडले, आणि बडोद्यास आल्यावर शेजारच्या बाईंच्या तोंडून ‘छोडी दे’ हे गुजराती ऐकले. तिन्ही भाषांत सोडण्याला ‘देणे’ चिकटलेले आहे, आणि तिन्हींत कोणी कोणास काही देत नाही. इंग्रजही सोडताना ‘देतो’, याचे मग आश्चर्य कशास वाटावे? घरात मराठी आणि अंगणात गुजराती बोलणाऱ्या बडोद्याच्या मुलाच्या खिशात या कुलुपाची किल्ली आधीपासूनच असते. ती त्याला दाखवून देणे एवढेच शिक्षकाचे काम.

तथापि किल्ली मिळाली म्हणजे दार उघडले असे नव्हे. ‘सोडणे’चा अर्थ काय सोडले यावर ठरतो. कोणी चहा ‘गिव्ह अप’ करतो, तेव्हा तो चहा सोडतो. बसमध्ये म्हाताऱ्या माणसासाठी जागा ‘गिव्ह अप’ करतो, तेव्हा आपण उठून त्यास बसवितो. हक्क ‘गिव्ह अप’ केला तर हक्कावर पाणी सोडले, डॉक्टरांनी रोगी ‘गिव्ह अप’ केला तर डॉक्टरांनी हात टेकले, आणि चोराने स्वतःस ‘गिव्ह अप’ केले तर तो पोलिसांच्या स्वाधीन झाला. शब्दप्रयोग एकच, कर्म बदलले की मराठीला दर वेळी निराळे बोलावे लागते. जाता जाता दोन नियमही ध्यानी ठेवावेत. सर्वनाम मध्ये बसते : ‘गिव्ह इट अप’ म्हणावे, ‘गिव्ह अप इट’ म्हणू नये. क्रिया सोडावयाची असेल तर ‘गिव्ह अप स्मोकिंग’ म्हणावे, ‘गिव्ह अप टु स्मोक’ म्हणू नये.

कर्म गळून पडले की मात्र या प्रयोगाचा अर्थ बहुधा प्रयत्न सोडणे, हार मानणे असाच होतो. काय सोडले ते सांगितलेले नसते, म्हणून सारेच सोडले असे वाटते.

या फरकाचे मोल किती, हे आपल्याच शहराने पाहिले आहे. बडोदे कॉलेजात इंग्रजी शिकविणारे अरविंद घोष यांनी 1906 साली बडोदे सोडले आणि कलकत्त्यास कमी वेतनावर राष्ट्रीय महाविद्यालयाचे काम पत्करले. ते सोडणे स्वखुशीचे होते. त्यास आपण त्याग म्हणतो. दुसरे सोडणे 1917 सालचे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली अमेरिकेस गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकून परतले आणि संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. अस्पृश्य म्हणून त्यांस या शहरात राहावयास जागा मिळेना. नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. मुंबईची गाडी मिळेपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

त्यांनी नोकरी सोडली, हे वाक्य इंग्रजीत ‘ही गेव्ह अप द पोस्ट’ असे होईल आणि ते खरे ठरेल. त्यातील कर्म काढून नुसते ‘ही गेव्ह अप’ म्हटले तर ते वाक्य धादांत खोटे होईल. 1920 साली ते अर्धवट राहिलेल्या अभ्यासासाठी पुन्हा लंडनला गेले आणि 1923 साली त्यांनी लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी मिळविली. नोकरी सुटली, विद्या सुटली नाही. एका कर्माने एवढा फरक पडतो.

हे सारे मनात घोळत असता आम्ही त्या विद्यार्थ्यास बोलावून घेतले आणि विचारले, “तू नेमके काय सोडलेस?” तो बराच वेळ खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, “निबंध.” आम्ही विचारले, “इंग्रजी नाही ना?” तो म्हणाला, “नाही. निबंधच. थंड हवेच्या ठिकाणी मी कधी गेलोच नाही.” निबंधाचा विषय होता ‘थंड हवेच्या ठिकाणची सहल’, आणि तो विषय आम्हीच घातला होता. पुढे बोलण्यासारखे आमच्यापाशी फारसे उरले नाही. कमाटीबागेवर लिहिशील का, असे आम्ही विचारले. दुसऱ्या दिवशी त्याने एक पान आणून दिले. त्यात भूतकाळाच्या पुष्कळ चुका होत्या, पण माकडांचा पिंजरा होता, लहानग्यांची आगगाडी होती, आणि पान भरलेले होते.

विद्यार्थीमित्रांनो, ‘आय गिव्ह अप’ हे वाक्य तोंडी आले तर ते तेथेच थांबवू नका; त्यास कर्म जोडा. गणिताचे एक उदाहरण सुटले नसेल, तर एक उदाहरणच सुटले नाही. गणित हातचे गेले असे नव्हे. आणि पालकहो, मुलगा ‘मला जमत नाही’ म्हणाला, तर रागावण्यापूर्वी त्यास ‘काय जमत नाही?’ एवढे विचारून पाहा. आम्हीही यापुढे फुली मारण्याआधी उत्तरपत्रिका शेवटच्या पानापर्यंत वाचणार आहोत.