‘पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमके काय?

इंदुरात व्यवसाय करणाऱ्या आम्हा मराठी डॉक्टरांची घरची भाषा मराठी, दवाखान्यातली हिंदी आणि कागदावरची इंग्रजी. या तिन्हींत सारख्याच सहजतेने वावरणारा एक शब्द म्हणजे ‘पॉझिटिव्ह’. त्याच्याविषयी माझी एक तक्रार आहे. आणि तिचा आरंभ माझ्याच चुकीपासून होतो.

फार वर्षांपूर्वी एका रुग्णाच्या थुंकीचा अहवाल पाहून मी घाईत म्हणालो, “रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. उद्या या, औषध सुरू करू.” तो हसतमुखाने गेला आणि आलाच नाही. तीन महिन्यांनी परतला, तेव्हा क्षय बळावला होता आणि धाकट्या मुलीलाही लागण झाली होती. “आपणच तर सांगितलेत, रिपोर्ट चांगला आहे,” तो म्हणाला. मी निरुत्तर झालो.

त्याचे काय चुकले? ‘ठेवणे, मांडणे’ अशा अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला हा शब्द व्यवहारात ‘आशादायी’, ‘खात्रीचा’ आणि ‘होकारार्थी’ झाला. प्रयोगशाळेत मात्र त्याचा अर्थ एवढाच, की जे शोधले ते सापडले. ते बरे की वाईट, हे तो सांगत नाही. अपत्याची वाट पाहणाऱ्या घरी गर्भचाचणी पॉझिटिव्ह आली की पेढे वाटले जातात; एचआयव्हीची आली की घर मुके होते. रक्तगटापुढे तो निव्वळ ओळख सांगतो. स्तनाच्या कर्करोगात बायॉप्सी पॉझिटिव्ह येणे ही दुःखवार्ता. पण तीच गाठ इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह निघाली तर तो दिलासा, कारण टॅमॉक्सिफेनसारख्या औषधांचा मार्ग खुला होतो. २०२०च्या साथीत तर ‘पॉझिटिव्ह राहा’ आणि ‘पॉझिटिव्ह आलात तर वेगळे राहा’ हे दोन्ही उपदेश आपण एकाच दमात केले!

अहवालातून हा शब्द काढावा, असे मी म्हणत नाही. तो तिथे योग्यच आहे. मात्र रुग्णासमोर त्याचा उलगडा करणे हा उपचाराचाच भाग आहे. “क्षयाचे जंतू सापडले आहेत. आजार बरा होतो. पण किमान सहा महिने औषध चुकवायचे नाही.” एवढे बोलायला अर्धे मिनिटही लागत नाही. नंतर रुग्णालाच विचारावे, “काय समजले, सांगा पाहू.”

ती मुलगी पुढे बरी झाली. मी मात्र ते अर्धे मिनिट त्यानंतर कधी वाचवले नाही.